चूक पोटात घालणारं अवजार

धाराशिव हा खो-खोचा जिल्हा. गोल्फ आपल्याकडे दिसला तर रात्री मोबाइलवर. तरीही त्या खेळात गेल्या काही वर्षांत जे घडलं, ते आपल्या क्रीडाशिक्षकांनी आणि पालकांनी समजून घ्यावं असं आहे. म्हणून सावकाश सांगतो.

गोल्फमध्ये चेंडू भोकाभोवतीच्या हिरवळीवर पोचला की पुढे तो जमिनीवरून घरंगळत भोकात घालायचा असतो. त्यासाठीची काठी म्हणजे पटर. पटरचे ढोबळमानाने दोन प्रकार. ब्लेडचं डोकं अरुंद आणि पातळ असतं, मॅलेटचं मागे ऐसपैस पसरलेलं. पूर्वी बडे खेळाडू बहुतेक ब्लेडच हाती धरायचे. टायगर वुड्‌सने आपल्या मेजर म्हणजे सर्वांत मानाच्या स्पर्धांतल्या १५ विजेतेपदांपैकी १४ एकाच ब्लेडने मिळवली. मॅलेट म्हणजे हात थरथरणाऱ्यांचा, वय झालेल्यांचा, हौशी माणसांचा, अशी समजूत होती. आज जगातले पहिल्या रांगेतले कितीतरी व्यावसायिक मॅलेट वापरतात. हात थकलेले नसताना, भर उमेदीत त्यांनी हा बदल केला. तो का केला?

उत्तर भोकाच्या मापात आहे. भोकाचा व्यास १०८ मिलिमीटर. चेंडू तीन मीटरवर आहे आणि जमीन अगदी सपाट आहे असं धरलं, तरी दिशेत दोन्ही बाजूंना जेमतेम एक अंशाची चूक चालते. कंपासपेटीतला कोनमापक काढून एक अंश म्हणजे किती ते एकदा बघा. पटरचा चेहरा, म्हणजे चेंडूला लागणारी बाजू, आघाताच्या क्षणी एवढा जरी वळला, तरी चेंडू भोकाच्या कडेवरून निघून जातो. आणि चेंडू डोक्याच्या बरोबर मध्यावर न लागता थोडा टोकाकडे लागला, की चेहरा वळतोच. शिवाय आघाताचा जोर वाया जातो आणि चेंडू अलीकडेच थांबतो.

यात्रेत दोरावरून चालणारी डोंबाऱ्याची पोर हातात लांब काठी आडवी धरते. काठीचं वजन तिच्या देहापासून दूर दोन्ही टोकांकडे गेलेलं असतं, त्यामुळे ती चटकन एका बाजूला फिरत नाही आणि पोरीला तोल सावरायला तेवढा अवकाश मिळतो. मॅलेटची सगळी करामत हीच. वजन मध्यापासून जितकं लांब, तितकं डोकं वळवणं अवघड. भौतिकशास्त्रात याला ‘मोमेंट ऑफ इनर्शिया’ म्हणतात. ब्लेडमध्येही हे करून बघितलं गेलं. कार्स्टन सोल्हाइम या अभियंत्याने वजन डोक्याच्या दोन टोकांकडे नेलं आणि १९६६ मध्ये त्याच्या पिंग कंपनीचा ‘अँसर’ पटर आला. पण अरुंद डोक्यात वजन लांब न्यायला जागाच किती? मॅलेटला ती मागच्या बाजूलाही मिळते. त्या रुंद पाठीवर नेम धरण्यासाठी ठळक रेघा आखता येतात, हा आणखी एक फायदा.

मात्र मॅलेट कोणती चूक माफ करतो, हे नीट बघितलं पाहिजे. हिरवळीचा उतार चुकीचा वाचला, तर तो वाचवत नाही. नेमच वाकडा धरला, तर चेंडू वाकडाच जातो. चेंडू मध्यापासून थोडा सरकून लागला, एवढीच चूक तो पोटात घालतो. आणि ही चूक कौशल्याच्या अभावाची नसते. हजारो तास सराव केलेला हातही चार दिवसांच्या स्पर्धेत, थकव्यात आणि दडपणाखाली, केव्हातरी बारीकसा हलतोच. देहाचा तो धर्म आहे.

स्कॉटी शेफलर या गोल्फपटूचं उदाहरण घ्या. २०२३ मध्ये लांबच्या फटक्यांत अमेरिकेच्या पीजीए टूरवर त्याच्या तोडीचा कोणी नव्हता, पण पटिंगच्या क्रमवारीत तो १६२वा होता. फेब्रुवारी २०२४ मध्ये त्याचा प्रतिस्पर्धी रोरी मॅकिलरॉय जाहीरपणे म्हणाला की शेफलरने मॅलेट वापरून बघावा. मॅकिलरॉयने स्वतः तो बदल आधीच केला होता. प्रतिस्पर्ध्याच्या दुखण्यावरचं औषध असं उघडपणे सांगणं हे मोठ्या मनाचं लक्षण वाटतं मला. मार्चमध्ये शेफलर मॅलेट घेऊन बे हिलच्या मैदानावरच्या स्पर्धेत उतरला आणि पाच फटक्यांनी जिंकला. त्याआधी वर्षभर पीजीए टूरवर त्याला एकही विजय मिळाला नव्हता. पुढच्याच आठवड्यात प्लेयर्स स्पर्धा, एप्रिलमध्ये मास्टर्स ही मेजर स्पर्धा, ऑगस्टमध्ये पॅरिस ऑलिम्पिकचं सुवर्ण. २०२५ चं मास्टर्स मॅकिलरॉयने जिंकलं, तेही मॅलेटनेच. श्रेय एकट्या पटरला देणं चूक ठरेल. पण शेफलरच्या खेळात एकच गळती होती, आणि ती बुजवायला त्याने संकोच केला नाही.

हा संकोच जुना आहे. १९८६ मध्ये जॅक निकलॉस अवाढव्य डोक्याचा पटर घेऊन मास्टर्समध्ये आला, तेव्हा लोक त्या पटरला हसले होते. शेवटच्या दिवशी त्याने अखेरची नऊ भोकं ३० फटक्यांत पुरी केली आणि ४६व्या वर्षी स्पर्धा जिंकली.

आपल्याकडे खो-खो मातीवरून मॅटवर आला, तेव्हा अशीच कुरबुर ऐकू आली: मॅटवर पोरं लाडावतील, खरा खेळ मातीतच. मातीचे उपकार मी नाकारत नाही. पण ऐन हुलकावणीच्या क्षणी खड्याने पाय सटकला, तर त्यात संरक्षकाची परीक्षा कसली? मॅट ती एक चूक मैदानातून काढून टाकते. दिशा ओळखणं, दम टिकवणं, खांबाजवळ अचूक सूर मारणं, यातलं काहीच ती सोपं करत नाही. उलट वेग वाढतो आणि सूर चुकला तर कोपराची कातडी सोलवटते. धाराशिवच्या सारिका काळेच्या नेतृत्वाखाली २०१६ मध्ये गुवाहाटीच्या दक्षिण आशियाई स्पर्धेत भारतीय महिलांनी सुवर्णपदक मिळवलं, आणि २०२० मध्ये तिला अर्जुन पुरस्कार मिळाला. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिला विश्वचषक जिंकणाऱ्या संघात धाराशिवची अश्विनी शिंदे होती. तो विश्वचषक मॅटवर झाला.

म्हणून भूम, परंडा, लोहारा, वाशीच्या शिक्षकांना आणि पालकांना माझं सांगणं आहे. पोरीने चांगली पकड असलेले बूट मागितले, सरावाला मॅट मागितली, तर तिला नाजूक म्हणू नका. तिची कोणती चूक तिच्या हातात आहे आणि कोणती जमिनीच्या, बुटाच्या माथी आहे, हे आधी तिच्याशेजारी उभं राहून बघा. पहिलीसाठी तिच्याकडून सराव करून घ्या. दुसरीसाठी पंचायत समितीकडे, क्रीडा कार्यालयाकडे, गावातल्या दात्यांकडे आपण मोठ्यांनी जायचं आहे.