कठोर शब्द कुणासाठी?



आपल्या नाशिकच्या तरुणांच्या कानांत रॅप गाणी वाजतात. 'डिवाइन' या नावाने गाणारा विवियन फर्नांडिस हा अंधेरीच्या गल्लीत वाढलेला ख्रिस्ती मुलगा. नेझीबरोबरचे त्याचे 'मेरे गली में' २०१५ साली गाजले. दोघांच्या जीवनावरून प्रेरित 'गली बॉय' २०१९ साली आला. पडद्यावर तो राग रणवीर सिंगने वठवला. अभिनेता चित्रीकरण संपले की घरी जातो, गल्ली तिथेच राहते.

या गाण्यांत शिवीही येते. पण गरिबांना पिळणाऱ्या शोमरोनच्या बायकांना आमोस संदेष्ट्याने गायी म्हटले, तेही पवित्र शास्त्रातच आहे! म्हणून मुलाचा इअरफोन ओढण्याआधी विचारावे, हा राग कुणावर? अन्यायावर, की दुबळ्यांवर आणि बायकांवर? पहिल्याला मी पाप म्हणणार नाही. दुसऱ्याला म्हणेन, चाल कितीही गोड असो.