पाहिले की वाटले?



ईस्टरच्या आठवड्यात एका सकाळी मिस्सा आटोपून आपल्या युवा गटातील चार मुलांबरोबर मी भुईगावच्या किनाऱ्यावर गेलो. हिवाळा आपल्याकडे काढलेले पाणपक्षी एप्रिलमध्ये उत्तरेकडे परत निघतात, त्यांना निरोप द्यायचा होता. (निरोप हा माझा शब्द. मुले ‘लिस्ट’ करायला आली होती.) भरती चढत होती. पाणी वर येते तसा चिखल आक्रसतो आणि पक्षी आपसूक माणसाजवळ सरकतात, म्हणून हीच वेळ धरायची.

समोर चिखल्यांचा थवा होता. थंडीत हे पक्षी इतके मातकट दिसतात की ढेकूळ कोणते आणि पक्षी कोणता हे कळत नाही. एप्रिलमध्ये मात्र त्यांच्या छातीवर विटकरी रंग चढू लागतो. मूठभर जीव, पण इथून लडाख-तिबेटच्या पठारांवर अंडी घालायला जातात. हे लेसर सँड प्लोव्हर. त्यांच्यात एखादा ग्रेटर सँड प्लोव्हर मिसळलेला असतो. फरक काय, तर चोच थोडी लांब, पाय थोडे लांब. थोडे म्हणजे किती, हे पक्षी उडून गेल्यावर कोणी सांगावे?

मला एक दिसला, दोन सेकंद. मी ओरडलो, “ग्रेटर! लिहा.” वही सांभाळणारी नववीतली मुलगी म्हणाली, “फादर, तुम्ही चोच पाहिली, की तुम्हाला वाटलं?”

मी गप्प बसलो. तिने प्रश्नचिन्ह टाकले.

एका चिखल्यासाठी एवढे कशाला, असे तुम्ही म्हणाल. आपल्या महाराष्ट्रातलीच गोष्ट सांगतो. रानपिंगळा हे छोटे घुबड १८८४ नंतर कोणाला मिळाले नव्हते. पुढे रिचर्ड मायनरट्झहागेन या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याच्या संग्रहात एक नमुना होता, त्यावर लिहिलेले, ‘मांडवी, गुजरात, १९१४’. तज्ज्ञांनी त्यावर विश्वास ठेवला आणि शोध घेणारे चुकीच्या जागी फिरत राहिले. पुढे पॅमेला रासमुसेन या अमेरिकन संशोधिकेने दाखवून दिले की तो नमुना संग्रहालयातून चोरलेला जुनाच होता, लेबल तेवढे नवे. ते लेबल बाजूला सारून जुन्या, खऱ्या नोंदींच्या जागा धुंडाळल्यावर नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ रानपिंगळा जिवंत सापडला. २०१४ मध्ये तर आपल्या जवळच्या तानसा अभयारण्यातही दिसला.

तो अधिकारी खोटारडा होता. मी खोटारडा नव्हतो, मला खरेच वाटले होते. संत ऑगस्टीन यांनी असत्यावर एक पुस्तकच लिहिले आहे. त्यांच्या मते मनात एक आणि ओठावर दुसरे, ते खोटे. मनात आहे तेच बोलणारा चुकला तरी खोटे बोलत नाही, फार तर उतावळा ठरतो. सेमिनरीत हे शिकताना मला मोठा दिलासा वाटे. आता तेवढा वाटत नाही. क्लिफर्ड नावाच्या इंग्रज विचारवंताने १८७७ मध्ये लिहिले की पुरेशा पुराव्याविना नुसते मानून बसणे हाच दोष आहे. श्रद्धेबद्दल त्याच्याशी माझे पटत नाही. शेजाऱ्याबद्दल मात्र तो बरोबर आहे असे मला वाटते, आणि त्याला कारण आहे.

काही वर्षांपूर्वी, दुसऱ्या धर्मग्रामात असताना, एक बाप मुलीसाठी आलेल्या स्थळाची चौकशी करायला माझ्याकडे आला. “फादर, मुलगा कसा आहे?” मी म्हणालो, “पितो असे ऐकतो.” सोयरीक मोडली. मुलगा पीत नव्हता, पिणारा त्याचा चुलतभाऊ होता. मी खोटे बोललो नव्हतो. ऐकले होते, तेच सांगितले. पण तो झगा घातलेल्या माणसाच्या तोंडून गेलेला ‘ऐकतो’ होता, आणि त्या घरी पोहोचेपर्यंत त्याचा ‘आहे’ झाला. मी मुलाच्या आईकडे माफी मागायला गेलो. तिने मला बसायला खुर्ची दिली, बोलली काहीच नाही.

आज आपण संत थॉमसचे शुभवर्तमान ऐकले. बिचाऱ्याला आपण दोन हजार वर्षे संशयी म्हणत आलो. त्याच्या सोबत्यांनी स्वतः पाहिले होते, म्हणून त्यांच्या शब्दावर त्याने विश्वास ठेवायला हवा होता, हे खरे. पण माझ्या त्या ‘ऐकतो’मागे पाहिलेला एकही माणूस नव्हता. तिथे मला थॉमसचा थोडा हट्टीपणा हवा होता.

परवा पुन्हा एका स्थळाची चौकशी आली. मी म्हणालो, “नाताळचा गोठा बांधायला तो चार रात्री जागला, एवढे मी पाहिले आहे. बाकी मला माहीत नाही.” पाहुण्यांचे समाधान झालेले दिसले नाही. चहा अर्धा ठेवून उठले.

तुमचा,
फादर