आपला हिशेब आपणच लिहावा

आत्मपरीक्षण म्हटले की आपल्यापैकी बहुतेकांच्या डोळ्यांपुढे दोषांची यादी उभी राहते. प्रभुभोजनाच्या आदल्या रात्री आपण आपल्या चुका आठवतो, आणि ते योग्यच आहे. परंतु आपल्याला काय चांगले साधते हे पाहणे आत्मपरीक्षणात बसते काय? की तो गर्व होय? वाचकहो, हा प्रश्न आम्हांस एका खेळाने घातला. तोही बिदर-कलबुर्गीच्या आपल्या मुलुखात क्वचितच कोणी पाहिलेल्या खेळाने.

भालकीकडचे आमचे एक वडीलधारे स्नेही नोकरीनिमित्त हैदराबादेस असतात. तेथे गोवळकोंड्याच्या किल्ल्यालगत गोल्फचे मैदान आहे. अण्णा सुट्टीच्या दिवशी तेथे खेळतात. बक्षिसासाठी नव्हे, हौसेने. एकदा ते गावी आले असता त्यांच्या खिशात एक लहान वही दिसली.

"अण्णा, उधारीची वही काय?" आम्ही विचारले.

"उधारीचीच म्हणा, मास्तर. कोठे किती फटके वाया घालवले, ते लिहून ठेवतो."

हा खेळ सांगायला सोपा आहे. लहानसा चेंडू काठीने मारीत दूरवरच्या सव्वाचार इंच रुंद भोकात घालायचा. अशी अठरा भोके असतात. ज्याचे फटके कमी, तो जिंकला. मोठ्या मैदानावर कसलेल्या खेळाडूस सबंध फेरीत साधारण ७२ फटके लागावेत असे धरतात. त्यांत प्रत्येक भोकाजवळच्या हिरवळीवरचे दोन हळुवार फटके, म्हणजे एकंदर ३६, हिशेबात घेतलेले असतात. म्हणजे निम्मा हिशेब या लहान फटक्यांचा!

अण्णा कित्येक वर्षे लांबच्या फटक्याचाच सराव करीत, कारण चेंडू उंच गेला की पाहणारे वाहवा करतात. तीन महिने वही लिहिल्यावर कळले की लांबचा फटका बरा आहे, खरे नुकसान भोकाजवळ होते. पण वहीने आणखी एक गोष्ट सांगितली. वाळूच्या खड्ड्याची त्यांना फार धास्ती. प्रत्यक्षात बहुतेक वेळा ते एकाच फटक्यात तेथून बाहेर पडत होते. उणीव त्यांनी मानली होती तेथे नव्हती, आणि होती तेथे त्यांनी पाहिले नव्हते.

हे ऐकून आम्ही मनात ओशाळलो. उपदेश करण्यास उभे राहावयाचे असले की आम्ही आठवडाभर तयारी करतो. तो आमचा लांबचा फटका. पण दोन गल्ल्यांपलीकडे आजारी पडलेल्या म्हातारीस भेटायला जाणे मात्र राहून जाते. तेथे वाहवा करणारे कोणी नसते.

गोल्फमध्ये आपले फटके बहुधा आपणच प्रामाणिकपणे मोजावयाचे असतात. अमेरिकेचा बॉबी जोन्स हा खेळून पैसे न घेणारा हौशी खेळाडू होता. १९२५ सालच्या अमेरिकन खुल्या स्पर्धेत गवतातला चेंडू आपल्या हातून किंचित हलला, असे त्याने स्वतःहून सांगितले. दुसऱ्या कोणी ते पाहिले नव्हते. त्याने आपल्यावर एक फटक्याचा दंड लावून घेतला. स्पर्धेअखेर विली मॅकफर्लेनशी त्याची बरोबरी झाली, आणि निकालासाठी पुन्हा खेळावे लागले तेव्हा तो एका फटक्याने हरला. तो दंड घेतला नसता तर बरोबरीची वेळच आली नसती. लोकांनी स्तुती केली तेव्हा त्याला ती रुचली नाही. नियम पाळणे हे त्याला साधे कर्तव्य वाटले.

उणीव कबूल करण्याचा हा धडा आपल्याला परका नाही. पण या खेळात एक दुसरी रीत आहे, ती आम्हांस अधिक बोचली. कच्च्या खेळाडूला पक्क्याबरोबर खेळता यावे म्हणून त्याला काही फटक्यांची सूट देतात. तिला हँडिकॅप म्हणतात. २०२० साली सुरू झालेल्या जागतिक पद्धतीत ही सूट खेळाडूच्या शेवटच्या २० फेऱ्यांपैकी सर्वांत चांगल्या ८ फेऱ्यांवरून ठरते. म्हणजे तो नेहमी कसा खेळतो यापेक्षा त्याच्या अंगी काय आहे, हे पाहतात. आणि कोणी जास्त सूट मिळावी म्हणून आपण आहोत त्याहून कच्चे असल्याचे दाखविले, तर ती नम्रता ठरत नाही. ती लबाडी ठरते.

येथे आम्हांस आमची गोष्ट सांगणे भाग आहे. आपल्या सीमाभागात मुले घरी मराठी बोलतात आणि शाळेत कानडी शिकतात. एका शब्बाथ शाळेत मोठ्या मुलांना दोन्ही भाषांत समजावून सांगणारा शिक्षक हवा होता. आम्हांस विचारले, तेव्हा आम्ही हात जोडून म्हणालो, "आमचे कानडी बेताचेच." सर्वांना आमची नम्रता आवडली. खरे तर आम्ही कानडी वर्तमानपत्र रोज वाचतो. आम्हांस रविवारची दुपार मोकळी हवी होती. तो वर्ग दोन पावसाळे बंद राहिला. त्या अवधीत दोन मुले शाळा संपवून कामासाठी हैदराबादेस निघून गेली. त्यांना आता कोण शिकविणार?

मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या २५ व्या अध्यायात धन्याचे द्रव्य जमिनीत पुरून ठेवणारा दास आहे. त्याने एक पैसाही उधळला नाही. होते तेवढे परत केले. तरी तो दोषी ठरला. मिळालेले दान नाकारणे हा पुरून ठेवण्याचाच एक प्रकार आहे, आणि त्यावर नम्रतेची माती टाकली म्हणून तो झाकला जात नाही.

म्हणून शब्बाथ शाळेच्या शिक्षकांना आमची विनंती आहे. तीन महिने एक लहान वही ठेवा. दर रविवारी धडा संपल्यावर दोन ओळी लिहा: आज मुलांचे लक्ष कोठे उडाले, आणि कोठे ती आपणहोऊन पुढे सरकून बसली. दुसरी ओळ लिहिताना संकोच वाटेल. तरी लिहा. पहिल्या ओळीवरून काय सुधारावे ते कळेल, आणि दुसरीवरून आपल्याकडून काय अपेक्षित आहे ते.

तो वर्ग आम्ही आता घेतो. परवा एका मुलीने आमचा एक कानडी उच्चार सुधारला, आणि सगळी मुले हसली. मग तीच मुले घंटा झाल्यावरही उठेनात. वहीत आम्ही दोन्ही लिहिले.