मेंदू म्हणजे रिकामा भूखंड नव्हे

पक्षाघाताने हात लुळा पडलेल्या माणसाला भेटायला येणारे हल्ली मोबाइलवर एखादा व्हिडिओ हमखास दाखवतात. मेंदू हवा तसा घडवता येतो, एक भाग गेला तर दुसरा त्याचं काम उचलतो, फक्त जिद्द हवी, असं त्यातला वक्ता ठासून सांगतो. सहा महिन्यांनी बोटं हलली नाहीत की याच बोलण्याचा अर्थ रोग्यापर्यंत वेगळा पोचतो: तूच कमी पडलास. आजाराचा दोष आजाऱ्याच्या माथी मारणारी ही समजूत विज्ञानाच्या नावावर खपते आहे, याचा संताप येतो.

प्रौढ मेंदूत दुरुस्ती नाही, हे आधुनिक मेंदूविज्ञानाचा पाया घालणाऱ्या कहालचं निराश मत प्रसिद्ध आहे. शिकताना मज्जापेशींमधल्या जोडण्या बळावतात असं सांगणारं मानसशास्त्रज्ञ हेबचं १९४९ चं पुस्तक, आणि एक डोळा शिवल्यामुळे ज्यांच्या मेंदूतला दृष्टीचा भाग बदलला ती ह्युबेल आणि वीझेल यांची मांजराची पिल्लं, हेही परिचयाचं. शिकण्याने कॉर्टेक्स, म्हणजे मेंदूचा बाहेरचा थर, बदलतो, लहान वयात जास्त बदलतो, याविषयी भांडण नाही. भांडण आहे ते १९८० नंतरच्या गोष्टीविषयी.

मेंदूसंशोधक मर्झेनिक आणि सहकाऱ्यांना दिसलं, की माकडाचं बोट काढलं तर कॉर्टेक्समधल्या त्या बोटाच्या जागेत शेजारच्या बोटांचे संदेश उमटू लागतात. हा बदल एक-दोन मिलिमीटरचा होता. १९९१ मध्ये पॉन्स यांच्या गटाने हाताच्या संवेदना अनेक वर्षांपूर्वी तोडलेली माकडं तपासली, तेव्हा हाताच्या जागेत थेट चेहरा उमटला होता, तोही सेंटिमीटरहून जास्त अंतरावर. पुढच्याच वर्षी मेंदूतज्ज्ञ रामचंद्रन यांनी हात गमावलेल्या माणसाच्या गालावर कापसाचा बोळा टेकवला, तर त्याला स्पर्श नसलेल्या हातावर जाणवला. झालं, चित्र पक्कं ठरलं: हात गेला, भूखंड रिकामा पडला, शेजाऱ्याने कुंपण सरकवलं.

निरीक्षणं खरी होती. त्यांचा अर्थ मात्र घाईने लावला गेला. हरियाणात माणेसर इथल्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रात नीरज जैन यांच्या गटाने २०१४ मध्ये मज्जारज्जूला इजा झालेल्या माकडांवर प्रयोग करून नेमका प्रश्न विचारला: चेहऱ्याचे संदेश हाताच्या जागेत शिरतात कुठून? मज्जारज्जू मेंदूला मिळतो तिथे हाताच्या संवेदनांचा एक थांबा आहे. तो तात्पुरता बधिर केल्यावर कॉर्टेक्समधल्या हाताच्या जागेतून चेहरा नाहीसा झाला. उलट, कॉर्टेक्समधली हनुवटीची मूळ जागा बधिर केली तरी तो टिकून राहिला. बदल खाली, मेंदूच्या मुळाशी झाला होता. वर त्याचा परिणाम दिसत होता. आपल्याच देशात झालेलं हे काम आपल्या भाषणांत मात्र कधी येत नाही.

मग हाताच्या मूळ जागेचं काय होतं? मेंदूसंशोधक टमार माकिन यांच्या गटाने हात काढण्याची शस्त्रक्रिया ठरलेल्या तिघांचे मेंदू आधी आणि नंतरही तपासले. हात गेल्यावरही ‘बोटं’ हलवायला सांगितलं, तर बोटांचा नकाशा जवळजवळ पहिल्यासारखाच निघाला. ओठांचा नकाशा त्यात घुसला नव्हता. त्याआधी २०२३ मध्ये माकिन आणि मेंदूतज्ज्ञ क्राकावर यांनी दहा गाजलेले प्रयोग पुन्हा तपासून म्हटलं होतं, की मेंदूचा एखादा भाग नवंच काम पत्करतो असा पुरावा त्यांत नाही. आधीपासून असलेल्या क्षीण जोडण्या बळावतात, आणि उरलेल्या क्षमतेवर शिकणं चालतं.

यात निराशा शोधू नये. हात गेलेल्याच्या मेंदूत हात शाबूत असेल, तर कृत्रिम हाताला आधार मिळतो. पक्षाघातात चांगला हात बांधून दुबळ्या हाताकडून काम करून घेण्याची मानसशास्त्रज्ञ टाउब यांची पद्धत २००६ च्या मोठ्या चाचणीत उपयोगी ठरली; पण त्यातले २२२ रोगी मनगट आणि बोटं थोडी तरी उचलू शकणारे होते, आणि दोन आठवडे रोज तासन्‌तास त्यांचा सराव घेणारं माणूस समोर होतं. जिद्दीला एवढा आधार लागतो. व्हिडिओतला वक्ता नेमकं हेच गाळतो.

म्हणून अशा घरी जाल तेव्हा रोग्याची जिद्द मोजू नका. फिजिओथेरपी सुरू झाली का, रोज किती वेळ मिळते, ती परवडते का, हे घरच्यांना विचारा. आणि परवडत नसेल, तर त्यात वाटा उचला.