अठरा रविवार

माझ्या फोनमध्ये ध्येयांचं एक ॲप आहे. वर्षाची ध्येयं वर, त्याखाली महिन्याची, त्याखाली आठवड्याची. काम झालं की हिरवी टिक. जळगावातून इंजिनिअरिंग करून पुण्यात आलो, तेव्हापासून ते वापरतोय. त्याने माझं भलंच केलं. क्लाउडची परीक्षा पास झालो, दोनदा चांगल्या पगारावर कंपनी बदलली, घरचं कर्ज फिटलं. त्यामुळे ध्येयबिय सगळं झूट, असं मी म्हणणार नाही.

पण त्याच ॲपमध्ये एक ओळ चौदा महिने पडून होती. 'आजीच्या ओव्या रेकॉर्ड करणे.' दर रविवारी ती वर यायची आणि मी ती पुढच्या रविवारवर ढकलायचो. आजी जळगावजवळच्या एका गावात राहते. फोनवर म्हणायची, "तुले टाइम भेटला तं ये रे पोरा." मला टाइम होता. फक्त त्या ओळीला मुदत नव्हती, आणि ती पूर्ण करून माझा पगार किंवा बायोडेटा वाढणार नव्हता. मग गेल्या पावसाळ्यात आजीला पॅरालिसिसचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली.

त्यानंतर बरेच दिवस एकच प्रश्न डोक्यात होता. मी वेळ वाया घालवला असता तर निदान स्वतःला आळशी म्हणता आलं असतं. मी तर एकेक तास हिशेबाने वापरला होता. मग चुकलं कुठे?

उत्तर शोधताना धुळ्याचं जेल आठवलं. माझी शाळा धुळ्यातच झाली. जेलातल्या प्रवचनांची गोष्ट तेव्हा मास्तरांनी सांगितली होती, पण ती परीक्षेपुरती लक्षात राहिली. आता पुन्हा वाचायला घेतली.

१९३२ साली कायदेभंगाच्या चळवळीतले सत्याग्रही त्या जेलात होते. विनोबा भावे तेव्हा ३६ वर्षांचे. २१ फेब्रुवारीच्या रविवारी त्यांनी सोबतच्या कैद्यांना गीतेचा पहिला अध्याय सांगितला. पुढच्या रविवारी दुसरा. असं करत १९ जूनच्या रविवारी अठरावा. मी जुनं कॅलेंडर काढून मोजलं. बरोबर अठरा रविवार, मध्ये एकही खाडा नाही. आपण स्ट्रीक टिकवायला किती धडपडतो, ते आठवून हसू आलं.

यात ध्येय होतं का? होतं की. दर रविवारी एक अध्याय, याहून स्पष्ट ध्येय काय असणार? पण ज्या ग्रंथावर ते बोलत होते, तो सांगतो की कर्म कर, फळावर हक्क सांगू नकोस. कॉलेजात असताना मला हे कायम खटकायचं. फळच नको तर ध्येय ठेवायचं कशाला?

त्या अठरा रविवारांकडे बघताना वाटतं, ध्येय या एकाच शब्दात आपण दोन गोष्टी कोंबतो. एक म्हणजे, 'या रविवारी हे काम करायचं.' दुसरी म्हणजे, 'हे काम करून मी कोणीतरी व्हायचं.' पहिलीशिवाय काहीच उभं राहत नाही. सोडायला सांगितली आहे ती दुसरी, असं मला तरी वाटतं. माझ्या ॲपमध्ये पहिली गोष्ट कायम दुसरीची नोकर होती. ज्या कामातून मी मोठा होणार नव्हतो, ते काम आपोआप खाली सरकायचं.

आणि आता माझं लक्ष विनोबांपेक्षा त्यांच्यासमोर वही घेऊन बसलेल्या माणसाकडे जास्त जातं. साने गुरुजी. वय ३२. अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमधली शिक्षकाची नोकरी १९३० मध्ये सोडून चळवळीत आलेले. विनोबा बोलत होते आणि गुरुजी लिहून घेत होते. 'गीता प्रवचने' हे पुस्तक आपल्या हातात आहे ते त्यामुळे. ते स्वतःही लेखक होते. पुढच्याच वर्षी, फेब्रुवारी १९३३ मध्ये, नाशिकच्या जेलात त्यांनी 'श्यामची आई'चा बहुतेक भाग पाच दिवसांत लिहिला. एवढ्या वेगाने लिहू शकणारा माणूस अठरा रविवार दुसऱ्याचे शब्द उतरवत बसला. माझ्या ॲपने त्या रविवारांना एकही टिक दिली नसती.

कोणी म्हणेल, जेलात दुसरं करणार तरी काय? पण बंद दाराआड मिळालेला वेळ नुसत्या कुढण्यातही जातो. लॉकडाऊनमध्ये आपण ते अनुभवलंय.

लिहून घेणारे आणखी दोघे आमच्या जळगावचे. बहिणाबाई चौधरी आसोद्यात जन्मल्या, जळगावात नांदल्या. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. शेतात आणि जात्यावर काम करताना गाणी सुचत गेली. मुलगा सोपानदेव आणि एक मावसभाऊ यांनी ती टिपून ठेवली. १९५१ मध्ये बहिणाबाई गेल्या आणि १९५२ मध्ये पुस्तक आलं. मी कॉलेजला होतो तेव्हाच, २०१८ मध्ये, आमच्या विद्यापीठाला त्यांचं नाव दिलं गेलं. म्हणजे माझ्या पदवीवर अशा बाईचं नाव आहे जिला ती पदवी वाचता आली नसती. कोणी वही घेऊन बसलंच नसतं, तर ते नाव तिथे असतं का?

सोपानदेव स्वतः कवी होते. आईची गाणी उतरवण्यात त्यांची स्वतःची कविता कमी झाली की वाढली, याचा हिशेब कोणी मांडत नाही. मांडूही नये.

मी ॲप काढून टाकलेलं नाही. त्यात एकच बदल केलाय. प्रत्येक ओळीपुढे मी आता लिहितो, 'कोणासाठी?' पहिल्यांदा भरायला बसलो तेव्हा एकवीस ओळींपैकी एकोणिसांपुढे 'मी' आलं. त्यात पाप काही नाही. पण आकडा बघून मी बराच वेळ गप्प बसलो.

आता महिन्यातला एक रविवार गावी असतो. आई तिला आठवतील तशा ओव्या म्हणते, मी वहीत लिहितो. आजी खाटेवर पडून ऐकते. शब्द चुकला की डावा हात हलवते. मग आई दुसरा शब्द लावून बघते, तिसरा लावून बघते. बरोबर आला की हात थांबतो. कधीकधी येतच नाही. तिथे मी जागा कोरी सोडतो.

आतापर्यंत सदतीस झाल्या. कोऱ्या जागा त्याहून जास्त आहेत, आणि त्या माझ्या चौदा महिन्यांच्या आहेत.