आणखी एक वर्ष



लूकलिखित शुभवर्तमानात (१३:६-९) प्रभू येशू अंजिराच्या झाडाचा दाखला सांगतो. तीन वर्षे फळ नाही म्हणून मालक झाड तोडायला सांगतो. माळी मात्र आणखी एक वर्ष मागतो. भोवती खणून खत घालण्याची तयारी दाखवतो.

वर्षभराचा अवधी कशाला? कारण खत थेट झाडाच्या मुखी पडत नाही. आधी ते मातीतील जिवांचे अन्न होते. चिमूटभर सुपीक मातीतही कोट्यवधी जिवाणू असतात. कुजलेले खत मिळाले की ते वाढतात आणि त्यांच्या जगण्या-मरण्यातून नत्र, स्फुरद हळूहळू मुळांना मिळते. बुरशीचे तंतू मातीचे कण बांधतात. घट्ट माती भुसभुशीत होते, हवा खेळते, ओल टिकते. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या 'लाउदातो सी' या परिपत्रकात बुरशी, किडे आणि सूक्ष्मजीव यांचीही सृष्टीला गरज असल्याचे आवर्जून सांगितले आहे.

वाकड एके काळी शेतीचे गाव. आज आपण उंच इमारतींत राहतो. माती उरली ती गॅलरीतील कुंडीत. भाजीची देठे, साली आणि वाळका पाला यांचे थर लावून अधूनमधून हलवले, तर काही महिन्यांत काळेभोर खत तयार होते. पण घाईने वाळका पाला कच्चाच मातीत मिसळला, तर तो कुजवताना जिवाणू मातीतील नत्र स्वतःकडे ओढून घेतात आणि रोप पिवळे पडते.

आपल्या घरांतही असेच घडते. मुलगा मिस्सेला येत नाही, भावाशी अबोला आहे, घरधनी दारू सोडत नाही. आपण फळ शोधतो आणि कुऱ्हाड उचलतो. आम्ही धर्मगुरूही निराळे नाही. रिकामी बाके मोजून रागावतो. रागाच्या भरातला उपदेश त्या कच्च्या पाल्यासारखाच असतो. समोरच्याचे होते नव्हते ते बळही तो ओढून घेतो. पिकलेले खत म्हणजे एकत्र बसून घेतलेला घास, न टोकता ऐकलेले दुःख, रोज रात्री त्याच्या नावाने केलेली प्रार्थना. त्याचे काम मातीखाली चालते. आपल्याला दिसत नाही.

त्या झाडाला फळ आले का, हे प्रभूने सांगितलेले नाही. ते वर्ष त्याने आपल्या हाती दिले आहे. या आठवड्यात आपण कोणाच्या मुळाशी खत घालणार?

प्रभू आपणां सर्वांस आशीर्वादित करो.