हाकेच्या टप्प्यात

एकट्यानं दोन दिवस बाहेर पडायचं, खर्च आटोक्यात ठेवायचा आणि आयुष्यात पहिल्यांदा तंबूत झोपायचं, असा बेत ठरला की माणूस आधी सामानाच्या मागे लागतो. तंबू, स्लीपिंग बॅग, डोक्याला बांधायची बॅटरी, छोटा गॅस. खिसा इथेच रिकामा व्हायला लागतो. खरं तर पुण्याहून आंबेगाव तालुक्यातल्या शिनोलीला जायला फारसं काही लागत नाही. मंचर, घोडेगाव करत भीमाशंकरच्या रस्त्याला लागलेली एसटी तिथे उतरवते, बायकांना तर अर्धंच तिकीट. पुढे डिंभे धरण, त्यामागे हुतात्मा बाबू गेनू सागराचं पाणी आणि सह्याद्रीची रांग. प्रश्न उरतो तो रात्रीचा.

पवना धरणाच्या काठी तंबूत झोपण्यासाठी लोक माणशी हजार-हजार रुपये मोजतात. ते कापडाचे नसतात, शेकोटीचेही नसतात. कुंपण, रात्रभर जळणारा दिवा, जवळचा संडास आणि हाक मारली तर उठून येणारा पोरगा, यांचे ते पैसे. स्वस्तात एकट्यानं जाणारा नेमकी हीच गोष्ट वगळतो आणि वर स्वतःला शाबासकी देतो. ती वगळता येत नाही. फार तर पैशांऐवजी दुसऱ्या मार्गानं मिळवता येते.

जागेपासूनच बघा. फोटोतला तंबू नेहमी पाण्याच्या कडेला असतो. शिनोली धरणाच्या खालच्या अंगाला आहे. घोड नदीचं पात्र दुपारी कोरडं, सपाट, वाळूचं दिसतं, पण धरणातून पाणी सोडलं की ते रात्रीतून भरतं. त्याची वेळ गावाला ठाऊक असते, पाहुण्याला नसते. वरच्या अंगाला, जलाशयाच्या काठी, पाणी ओसरलेला गाळ वरून वाळलेला दिसतो आणि पाय टाकला की गुडघ्यापर्यंत आत जातो. भात निघाल्यावरचं खाचर चारी बाजूंनी बांध असलेलं, गादीसारखं सपाट. तिथेही थांबा. धसकटं तंबूच्या बुडातून टोचतात हे एक, आणि पुष्कळदा त्यात हरभरा किंवा मसूर पेरलेला असतो. मोकळं वाटणारं रान इथे क्वचितच मोकळं असतं. भीमाशंकर अभयारण्याच्या हद्दीत तर वनखात्याला विचारल्याशिवाय मुक्काम नाही आणि जाळ तर नाहीच.

मग बिबट्या. कुकडी सिंचन प्रकल्पाच्या पाण्यावर जुन्नर-आंबेगावात ऊस वाढला आणि उसात बिबट्याच्या पिढ्या वाढल्या. या पट्ट्यात माणसंही दगावली आहेत. 2001 नंतरच्या काही वर्षांत जुन्नर वनविभागात शेतातले बिबटे पकडून लांबच्या जंगलात सोडले गेले, तेव्हा माणसांवरचे हल्ले कमी होण्याऐवजी वाढले. वन्यजीव संशोधक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे अभ्यासातून दाखवून दिलं. परक्या मुलखात सोडलेलं जनावर जास्त धोक्याचं ठरलं. परक्या मुलखात गेलेला माणूसही स्वतःला तितकाच धोक्याचा असतो, फरक इतकाच की त्याला तोंड आहे आणि तो विचारू शकतो. उसाच्या कडेला तंबू नको, अंधारात एकट्यानं बाहेर जाऊन वाकून बसणं नको, हे गावातलं शाळकरी पोरही सांगतं. परवा जनावर कुठल्या शिवारात दिसलं, हेही तेच सांगतं.

म्हणून पहिली रात्र वस्तीपासून हाकेच्या टप्प्यात काढावी. कुणाच्या तरी अंगणात, गोठ्याशेजारी, देवळाच्या आवारात, जागेवाल्याला विचारून. काहींना यात एकटेपणाचा भंग वाटतो. मला तसं वाटत नाही. तंबूची चेन ओढली की आत तुम्ही एकटेच असता. कुत्रं रात्रभर भुंकेल, पहाटे कुणाची तरी मोटार चालू होईल, आणि त्या आवाजांमुळेच नवख्याला दोन तास का होईना झोप लागेल. पहिल्यांदा तंबूत झोपणाऱ्याला रानातली शांतता झोपू देत नाही.

सामानाच्या बाबतीतही गाव पुढेच असतं. हिवाळ्यात घोडच्या खोऱ्यात थंडी पांघरुणातून शिरण्याआधी जमिनीतून चढते. पातळ चटईवर महागडी स्लीपिंग बॅग अंथरून कुडकुडण्यापेक्षा खाली पेंढा, त्यावर पोतं आणि वर घोंगडी बरी. थंडी म्हणून तंबू घट्ट बंद केला तर श्वासाची वाफ कापडाला आतून लागते आणि पहाटे तीच अंगावर ठिबकते, लोक तिला दंव समजतात. वरची एक खिडकी उघडी ठेवावी. मुरमात खुंट्या वाकल्या तर ठोकत बसू नये, दोर दगडांना बांधावेत.

या सगळ्याच्या मोबदल्यात द्यायचं काय? जेवणाचे आणि जागेचे पैसे आधी विचारून, घासाघीस न करता. आणि आपला ठावठिकाणा: नाव, घरचा फोन, उद्या कुठे जाणार, किती वाजता परतणार. हे दुसरं देणं लोकांना जड जातं, पण खरं मोल त्याचंच आहे. याच डिंभ्याच्या वरच्या खोऱ्यात 30 जुलै 2014 च्या सकाळी डोंगर सुटून माळीण गाडलं गेलं, दीडशेहून अधिक माणसं गेली. गाव जागेवर नाही हे आधी ध्यानात आलं ते त्या वाटेनं गाडी घेऊन येणाऱ्या एसटी चालकाच्या. इथे काय असायला हवं हे त्याला ठाऊक होतं. तंबूत एकटा झोपलेला माणूस तर कुणाच्याच नोंदीत नसतो. सकाळी तो उठला नाही तर ‘अजून कसा उठला नाही?’ असं म्हणणारं एक तरी घर हवं.

तेव्हा पावसाळा सोडा, नोव्हेंबर ते फेब्रुवारीतला एखादा शनिवार धरा. सूर्य सहा-साडेसहाच्या सुमारास बुडतो, म्हणून दुपारी तीनच्या आत शिनोलीत उतरा. आणि तंबू पिशवीतून काढण्याआधी कुणाच्या तरी दारात जाऊन चहा घ्या.